तबकडीतले आवाज आणि त्यांचे राखणदार

शीव म्हणजे हद्द. मुंबईचे बेट जेथे संपत असे आणि खाडीपलीकडे साष्टीची भूमी सुरू होत असे, ती ही जागा. टेकडीवरच्या किल्ल्याचे पडके बुरूज आजही त्या हद्दीची साक्ष देतात, आणि इतिहासाची आवड असणारा माणूस शीवेला आला की त्याची पावले आपसूक त्या किल्ल्याकडे वळतात. परंतु शीव, माटुंगा व वडाळा या परिसराचा आणखी एक इतिहास आहे. तो दगडांत नाही, लाखेत आहे. तो पाहण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. आणि तो आजवर टिकला, याचे श्रेय एखाद्या सरकारी खात्यापेक्षा काही वेड्या माणसांना अधिक जाते. जुने ग्रामोफोन आणि जुन्या तबकड्या गोळा करणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या या माणसांविषयी, त्यांना हे वेड लागते तरी कसे याविषयी, चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाट वस्तीतील माणसे किड्यामुंगीप्रमाणे मेली. त्यानंतर १८९८ साली सुधारणा मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि दादर, माटुंगा, वडाळा व शीव येथील शेतजमिनी व मिठागरांच्या कडेचे माळ आखून तेथे रुंद रस्ते व हवेशीर घरे उभारण्याचे काम पुढील दशकांत झाले. या घरांतून कारकून, शिक्षक, रेल्वेतील नोकरदार अशी मध्यमवर्गीय कुटुंबे राहावयास आली. त्यांच्या दिवाणखान्यात जी पहिली चैनीची वस्तू आली, ती बहुधा ग्रामोफोन होती. वीज नसली तरी चालणारे, चावी दिली की गाणारे ते यंत्र. पुढे पेटीसारखी मिटणारी, हातात धरून नेता येणारी यंत्रे निघाली आणि ती चाळीतल्या एका खोलीच्या बिऱ्हाडातही मावू लागली.

याच परिसरात, वडाळ्याला, १९३५ च्या सुमारास तबकड्या तयार करणारा एक कारखाना उभा राहिला. नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी हे त्या संस्थेचे नाव, आणि ‘यंग इंडिया’ हे तिच्या तबकड्यांचे. त्या काळी कुत्र्याच्या चित्राची ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ ही परदेशी कंपनी बाजारावर राज्य करीत होती. तिच्यासमोर एका देशी कंपनीने वीस वर्षे तग धरला. नामवंत गवयांच्या बरोबरीने नवख्या, हौशी कलावंतांना तिने आपली दारे उघडली. ज्यांना मोठ्या कंपनीने कदाचित कधीच बोलावले नसते, अशांचे आवाज या तबकड्यांवर उमटले. १९५५ च्या सुमारास कंपनीचे काम थांबले. आज वडाळ्याच्या रस्त्याने जाणाऱ्याला तिची आठवण करून देणारे काही दिसत नाही. तिचे गाणे उरले आहे ते संग्राहकांच्या कपाटांत.

व्हॅटिकनपासून कलकत्त्यापर्यंत

ध्वनी साठवता येतो, ही कल्पना तशी फार जुनी नाही. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला. दहा वर्षांनी, १८८७ साली, एमिल बर्लिनर याने सपाट तबकडीचा ग्रामोफोन शोधून काढला. तबकडीचा मोठा गुण असा, की एका साच्यावरून हजारो प्रती छापता येत. जणू ध्वनीचा छापखानाच.

या छापखान्याचा एक फिरस्ता कारागीर होता फ्रेड गायसबर्ग. १९०२ च्या एप्रिलमध्ये तो आपल्या भावासह रोमला गेला आणि व्हॅटिकनमध्ये सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदाचे ध्वनिमुद्रण झाले. त्यात आलेस्सांद्रो मोरेस्की (१८५८-१९२२) हा गायक होता. बालपणीचा उंच स्वर शस्त्रक्रियेने कायम राखलेल्या गायकांची एक क्रूर परंपरा युरोपात शतकानुशतके चालली होती. मोरेस्की त्या परंपरेतील अखेरच्यांपैकी एक. आणि त्या परंपरेतला एकट्याने गाणारा आवाज आज ऐकावयाचा, तर तो त्याच्याच तबकड्यांवर. तो कोणाला मधुर वाटतो, कोणाला अंगावर काटा आणणारा. परंतु तो ऐकल्यावर ती परंपरा केवळ पुस्तकातील एक वाक्य राहत नाही.

तोच गायसबर्ग त्याच वर्षाच्या अखेरीस कलकत्त्याला पोहोचला. नोव्हेंबर १९०२ मध्ये तेथे भारतभूमीवरील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे झाली आणि गौहर जान या गायिकेचा आवाज तबकडीवर चढला. वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, की गौहर जान जन्माने ख्रिस्ती होती. १८७३ साली आझमगढ येथे जन्मलेल्या या मुलीचे मूळ नाव अँजेलिना. तिचे वडील आर्मेनियन वंशाचे. पुढे आईने इस्लाम स्वीकारला आणि मुलीचेही नाव बदलले. गाणे संपताच गौहर इंग्रजीतून स्वतःचे नाव पुकारी. त्यामागे व्यवहार होता. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे छापल्या जात. तेथील कारागिरांना कोण गात आहे हे कळावे कसे? पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला, तरी ती पुकार लोकांच्या स्मरणात राहिली.

आता दुसरे एक नाव घेऊ. भास्करबुवा बखले. मराठी संगीताच्या इतिहासात या नावाचे स्थान काय आहे हे सांगावयास नको. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे ते गुरू. मोरेस्की वारला त्याच वर्षी, १९२२ साली, भास्करबुवांचेही निधन झाले. परंतु त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण आज आपल्यापाशी नाही. त्यांची थोरवी आपण शिष्यांच्या आठवणींवरून मानतो. एकाच काळातील दोन गायक: एकाचा आवाज शंभराहून अधिक वर्षांनंतरही घरात बसून ऐकता येतो, दुसऱ्याचा कायमचा हवेत विरला. जुन्या तबकडीच्या शोधात उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाला हा फरक पुरता ठाऊक असतो. हातात पडलेली शेवटची प्रत फुटली, तर आणखी एक आवाज भास्करबुवांच्या वाटेने जाणार, ही धास्ती त्याला झोपू देत नाही.

वेड लागते कसे?

या छंदाची सुरुवात सहसा संग्रहाच्या इच्छेने होत नाही. ती होते एका बंद पडलेल्या यंत्राने. आजोबांचा ग्रामोफोन माळ्यावर सापडतो. चावी फिरते, पण तबकडी फिरत नाही. उघडून पाहिल्यावाचून राहवत नाही. आणि येथेच माणूस अडकतो. कारण हे यंत्र उघडले की समजते. आजच्या विजेच्या उपकरणांतील काळ्या चकत्यांसारखे त्यात काही झाकलेले नाही. एका गोल डबीत पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग असते. चावीने ती आवळायची आणि ती उलगडताना दातेरी चाके फिरवते. वेग आवरण्यासाठी गव्हर्नर असतो: पातळ पट्ट्यांवर बसवलेली तीन छोटी वजने. चाक जोरात फिरू लागले की ती वजने बाहेर फेकली जातात, एक चकती चामड्याच्या तुकड्यावर घासते आणि वेग आटोक्यात येतो. सगळे डोळ्यांना दिसते, बोटांना कळते.

दोष ठरलेले असतात. अनेक वर्षांत स्प्रिंगचे वंगण गोठून डांबरासारखे होते. मग तबकडी अडखळत, धक्के देत फिरते. ते रॉकेलने धुऊन काढून नवे ग्रॅफाइटमिश्रित वंगण भरावे लागते. हे काम जपून करावयाचे. डबीतून सुटलेली स्प्रिंग हाताचे मांस फाडू शकते. साउंडबॉक्समध्ये अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा पातळ पडदा असतो, आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारी रबराची कडी. रबर कालांतराने दगडासारखे कडक होते आणि आवाज कर्कश, बोचरा येतो. योग्य जाडीची नवी रबरी नळी बसवली, की तोच आवाज उघडतो. काही साउंडबॉक्स जस्ताच्या मिश्रधातूचे असतात; ते वयोमानाने फुगतात, तडकतात, आणि त्यांवर इलाज चालत नाही. मग त्याच जातीचे दुसरे यंत्र शोधावे लागते, केवळ सुट्या भागांसाठी.

हे दुसरे यंत्र म्हणजेच व्यसनाची पहिली पायरी. भागांसाठी आणलेले यंत्र न्याहाळताना ध्यानात येते, की थोडी मेहनत घेतली तर हेही बोलेल. मग त्यासाठी तिसरे. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटची फेरी नित्याची होते. तेथे डोळा तयार होतो. चकाकणाऱ्या नव्या पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचे चित्र चिकटवलेला बनावट ग्रामोफोन कोणता आणि खरा जुना कोणता, हे ओळखता येऊ लागते. बनावट यंत्रे दिवाणखान्याच्या शोभेची. ती विकत घेऊन फसणारे पर्यटक पुष्कळ. खरा संग्राहक कर्ण्याकडे पाहतच नाही. तो फिरती चकती उचलतो आणि खालची मोटर पाहतो.

यंत्र बोलू लागले की तबकड्या हव्यात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. गवयाने तेवढ्यात राग मांडावयाचा. ही तबकडी मुख्यत्वे लाखेची. पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर राहणाऱ्या किड्यांची ती लाख, आणि तिच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर होता. लाखेत दगडाची बारीक पूड, काजळी आणि सुती तंतू मिसळून तबकडी छापली जाई. दगडाच्या पुडीमुळे पोलादी पिन झिजे, म्हणूनच दर बाजूला नवी पिन लावण्याची पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धात लाख दुर्मीळ झाली तेव्हा १९४२ साली अमेरिकेने तिच्या वापरावर निर्बंध घातले आणि जुन्या तबकड्या परत घेऊन वितळवल्या जाऊ लागल्या. नव्या गाण्यासाठी जुने गाणे वितळवावयाचे! किती आवाज असे गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ऐकणाऱ्याचा अभ्यासक होतो

येथवरचा प्रवास हौसेचा. पुढची पायरी निराळी. तबकडीच्या मध्यभागी, कागदी लेबलाजवळ, लाखेत कोरलेले काही अंक असतात. आरंभी त्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही. एके दिवशी कळते, की ते साच्याचे क्रमांक आहेत. त्यांवरून ध्वनिमुद्रण केव्हाचे, कोणत्या फेरीतले, हे ताडता येते. लेबलावर जे छापलेले नाही ते या अंकांत असते. मग वह्या निघतात, याद्या होतात, दुसऱ्या संग्राहकांशी पत्रव्यवहार सुरू होतो.

तबकडीच्या वेगाचीही अशीच गोष्ट. मिनिटास ७८ फेरे हा आकडा सर्वांना ठाऊक आहे, परंतु आरंभीच्या काळातील अनेक तबकड्या त्याहून कमी-अधिक वेगाने मुद्रित झाल्या. वेग चुकला तर स्वर चढतो वा उतरतो आणि गायकाची पट्टी बदलते. म्हणून जाणकार मंडळी रेघा आखलेली कागदी चकती तबकडीवर ठेवतात. आपल्याकडील विजेच्या दिव्याखाली ७७ रेघांची चकती स्थिर दिसली, की वेग ७८ च्या जवळ आला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या आणि १९३० च्या दशकातील तबकड्या एकापाठोपाठ ऐकल्या, तर एका थोर गवयाचे तारुण्य व प्रौढपण पंधरा मिनिटांत कानांवरून जाते. पण वेग बरोबर असेल तरच. एरव्ही आपण खाँसाहेब ऐकत नसतो, यंत्राची चूक ऐकत असतो.

अशा माणसांनी एकत्र येऊन १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था स्थापिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पदार्थवैज्ञानिक सुरेश चांदवणकर यांनी तिची धुरा वाहिली. एकत्र बसून तबकड्या ऐकणे, त्यांवर बोलणे आणि माहिती छापून ठेवणे हे तिचे काम. ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक १९९१ पासून निघू लागले. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर यांनी ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातील भारतीय ध्वनिमुद्रणांची जंत्री तयार केली. ती १९९४ साली मुंबईतच ‘पॉप्युलर’ने प्रसिद्ध केली. आमच्या शेजारच्या वडाळ्याच्या त्या ‘यंग इंडिया’ तबकड्यांचेही पुढे चांदवणकर यांच्या पुढाकाराने, ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने, संगणकीय जतन झाले. त्या तबकड्या आल्या कोठून? निरनिराळ्या संग्राहकांनी वर्षानुवर्षे सांभाळून ठेवल्या होत्या, तेथून. घरच्यांनी ज्यास अडगळ म्हटले असेल, तीच अखेर इतिहासाची साधने ठरली.

आपल्या समाजाचा या इतिहासात मोठा वाटा आहे. मुंबईच्या नाट्यगृहांत वाढलेल्या कोंकणी तियात्राची गाणी तबकड्यांवर निघाली. १८९२ साली मुंबईत पहिला तियात्र झाला, पुढे सी. आल्वारिस, आल्फ्रेड रोझ यांचे आवाज गोव्यातील व मुंबईतील घराघरांत यंत्रातून घुमले. चर्चमधील शाळांत नोटेशन शिकलेले गोव्याचे वादक हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवीत. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध पावलेले आंतोनियो शाव्हिएर वाझ यांचा ट्रम्पेट तबकड्यांवर ऐकू येतो. परंतु चित्रपटगीतांच्या लेबलावर वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे. व्हायोलिन, ट्रम्पेट, चेलो वाजवणारे मात्र निनावी राहत. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात मुंबईच्या जॅझची कथा सांगितली, तेव्हा अशा कित्येकांना प्रथमच नाव लाभले. तेथेही जुन्या तबकड्या व घरगुती संग्रह साक्षीला उभे राहिले.

संग्रहाचा शेवट

या छंदाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही. घर लहान, तबकड्या जड. शंभर तबकड्यांचे वजन वीस किलोच्या घरात जाते. हजारांनी त्या असल्या तर पलंगाखाली, कपाटावर, देव्हाऱ्याखाली त्याच. मुलांनी धावायचे नाही, पाहुण्यांनी टेकायचे नाही. पगारातील पैसे कोठे गेले हे गृहिणीला न सांगता कळते. काही संग्राहकांत मत्सरही शिरतो. आपल्यापाशी असलेली एकमेव प्रत दुसऱ्याला ऐकवायचीसुद्धा नाही, असा हट्ट धरणारे असतात. असा संग्रह म्हणजे पुरलेला तोडा; त्याचा ना धन्याला लाभ, ना जगाला. शुभवर्तमानातील तो दाखला आपल्या वाचकांना सांगावयास नको.

आणि संग्राहक जातो तेव्हा? घराची पुनर्बांधणी निघते, माळे रिकामे होतात, मुले परदेशी असतात, आणि आयुष्यभराची जमवाजमव वजनावर जाते. याउलट उदाहरण पुण्याचे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा राजा नावाचा मुलगा बालपणीच गेला. अडकित्ते, दिवे, दौती, वाद्ये अशा रोजच्या वापरातील वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून गोळा केल्या आणि सुमारे २०,००० वस्तूंचा तो संग्रह मुलाच्या नावाने समाजाला देऊन टाकला. ‘माझे’ म्हणून जमवावयाचे आणि ‘तुमचे’ म्हणून सोडावयाचे, हीच संग्राहकाची खरी पूर्तता होय.

तबकड्यांच्या बाबतीत ही पूर्तता आज अधिक सोपी आहे. आपल्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षांनी संपतो. त्यामुळे जुनी बहुतेक गाणी आता मुक्त आहेत; त्यांच्या प्रती करून, नोंदी जोडून ती सर्वांपुढे ठेवता येतात. तबकडी घरातच राहते आणि आवाज जगभर जातो.

म्हणून वाचकांना आमची विनंती आहे. घर सोडताना, माळा उतरवताना जुन्या तबकड्या हाती आल्या तर त्या भंगारात देऊ नका. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. ऊन आणि पावसाळ्याची ओल दोन्हींपासून जपा. धुवायच्या तर सौम्य साबणाच्या पाण्याने, लेबल भिजू न देता. स्पिरिट मुळीच लावू नका. त्यात लाख विरघळते आणि गाणे पुसले जाते. लेबलावरील नावे आणि लाखेतले अंक वहीत उतरवून घ्या. त्यांत कोणी व्हायोलिन वाजवणारे आजोबा, कोणी तियात्रात गाणारी मावशी असेल, तर तसे त्या नोंदीपुढे लिहून ठेवा. ते लेबलावर छापलेले नाही, आणि तुमच्या घराबाहेर कोणाला ठाऊकही नाही. मग एखाद्या जाणत्या संग्राहकाला हाक मारा. तो येईल, चकती उचलून मोटर पाहील, चावी देईल, आणि नवी पिन लावून तुमच्याच घरचा एखादा हरवलेला आवाज तुम्हांला ऐकवील.